दुसऱ्यांदा हाक मारली म्हणून

थंडी पडली की आमच्या वरवट बकालच्या शेतांना आंबट वास येतो. हरभऱ्याच्या पानांवर रात्रीतून आंब धरते. सकाळी नुसतं धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, चालत गेलं तरी साडीचा काठ ओला होतो आणि पोटऱ्यांना चुरचुरतं. बोट जिभेला लावलं तर खारट-आंबट चव येते आणि ती पाण्यानंही लवकर जात नाही. उत्तरेला सातपुड्याची रेघ अशा सकाळी निळी दिसत नाही, राखाडी दिसते. घाटे भरू लागले की घराघरांत बाया ओट्यावर सोले, म्हणजे हिरवे दाणे, सोलत बसतात, नखं हिरवी होतात, आणि संध्याकाळी गल्लीभर लसणाच्या फोडणीचा आणि सोलेभाताचा दरवळ असतो.

हा हंगाम कुणालाही आवडावा असा आहे. मलाही आवडत असे. आता तो वास आला की माझे दात एकमेकांवर बसतात. पाहुणे म्हणतात, काय सुंदर दिवस आहेत! मी हो म्हणते, आणि माझ्या डोळ्यांपुढे मोबाईलच्या पडद्यावरची एक पांढरी चौकट येते. तिच्यात एकच ओळ आहे: ‘हा धागा आढळला नाही.’

धागा म्हणजे शिलाईचा नाही. मी शिवणकाम करते, त्यामुळे धागा म्हटलं की मला आधी तोच आठवतो. पण मराठी माणसांनी गप्पांसाठी जी संकेतस्थळं काढली आहेत, तिथे कुणी एखादा विषय सुरू केला की त्याला धागा म्हणतात. अशाच एका संकेतस्थळावर मी चारपाच वर्षं लिहीत होते. नाव सांगत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनवर कोपरं टेकून मी फोन उघडायचे. सगळं जग तिथे होतं. बाल्कनीतल्या कुंड्या, परदेशातली थंडी, कुणाच्या आईच्या हातची आमटी. मी ‘रानतुळस’ या नावानं पळसाबद्दल, चारोळीच्या झाडाबद्दल, ज्वारीच्या कण्यांबद्दल लिहायचे. लोक कौतुक करायचे. एका बाईनं लिहिलं होतं, ‘किती नितळ भाषा! तुम्ही विदर्भातल्या वाटतच नाही.’ तेव्हा मला त्याचा आनंद झाला होता. ती भाषा मी शाळेच्या पुस्तकांतून आणि रेडिओवरून उचललेली, आणि घरात पाऊल ठेवलं की उंबऱ्याशी काढून ठेवायची.

व्यवस्थापन नावाचा एक गट त्या जागेची निगा राखत असे. त्यातला मुख्य सदस्य ‘शांतरस’ या नावानं लिहायचा. शुद्धलेखन बिनचूक, प्रत्येक वाक्यात ‘कृपया’, भांडण पेटलं की येऊन दोन वाक्यांत विझवायचा. स्पॅम म्हणजे नको असलेली जाहिरात, भोंदूगिरी, एकच मजकूर दहा ठिकाणी चिकटवणं. ते तो झाडून काढायचा. मला त्याचा आदर होता. आमच्या गावाच्या ग्रुपवर रोज उजाडायच्या आत गुलाबांची चित्रं पडायची, मग ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा’, मग कुणाच्या पुतण्याचा वाढदिवस आणि त्याच्याखाली शंभर केक. पाणी कधी सोडणार, दवाखान्यात डॉक्टर आहे का, हे विचारणारा माणूस त्या केकांखाली गाडला जायचा. त्यापुढे शांतरसचं अंगण सारवलेलं वाटायचं. घाणीचा राग मला आजही येतो. पण ज्याच्या हातात झाडू असतो त्याचीच नजर अधू असली तर काय होतं, ते त्या हरभऱ्याच्या दिवसांत पाहिलं.

माझा धाकटा दीर विलास भाजीपाला करतो. वांगी, मिरची, कोबी, आणि थोडा हरभरा. बोलायला अतिशय गरीब. रस्त्यानं कुणी आलं की आधी बाजूला होणारा माणूस. त्याची मुलगी गौरी तेव्हा तिसऱ्यात होती. गोरीपान, हसरी, सतत आईच्या तोंडाकडे टक लावून पाहणारी, आणि एक शब्द न बोलणारी. ‘आ’ आणि ‘म्’ यापलीकडे काही नाही. सासूबाई म्हणायच्या, विलासबी उशिराच बोलला होता. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरी जरा लाजऱ्या असतात.

एकदा सासूबाईंनी परीक्षाही घेतली. गौरी फरशीवर पाठमोरी खेळत होती. त्यांनी मागून पितळी ताट जमिनीवर आपटलं. पोरगी दचकून वळली. “पाहा! आयकते का नाही?” सासूबाई हसल्या. गौरीची आई रेखा पदरानं डोळे पुसून हसली. सगळं घर हलकं झालं.

विलास हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो तिला शेतात घेऊन गेला. मी भाजीला आंबट पाला खुडायला गेले होते, म्हणून मला दिसलं. गौरी हरभऱ्यात उकिडवी बसून घाटे तोडत होती. विलास दूर धुऱ्यावर उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, “गौरेऽ!” पोरगी घाटा फोडत राहिली. त्यानं आणखी जोरात हाक दिली. बाभळीवरच्या साळुंक्या उडाल्या. पलीकडच्या वावरातला माणूस ‘काय झालं बे?’ म्हणून ओरडला. पोरीनं मान वळवली नाही. तिनं एक हिरवा दाणा दातानं फोडला, चव आवडली, आणि ती आपलीआपण हसली.

विलास माझ्याजवळ आला.  “वैनी,” तो म्हणाला, “तुमच्या त्या मोबाईलमंधी शिकेल लोक हायेत ना? डॉक्टरगिक्टर असतीन. मले इचाऱ्याचं हाय. गावात नको. गावात एक डाव ‘बहिरी’ म्हनलं का पोरीले थेच नाव पडते.”

मी म्हटलं, “इचारा ना भाऊजी. चांगले लोक हायेत.”

माझ्याच मशीनशेजारी बसून त्यानं सदस्यत्व घेतलं. स्वतःच्या बोटानं एकेक अक्षर दाबत लिहिलं. मी म्हणाले, मी लिहून देते. तो म्हणाला, “नाही वैनी. पोरगी माही हाय, मीच लिहीन.” त्यानं लिहिलं होतं:

‘माह्या पोरीले तिसरं लागून राह्यलं. आजून बोलत नाही. आवाज देला त कधी पायते, कधी पायतच नाही. घरचे म्हनतात उशिरा बोलीन. मले तसं वाटत नाही. कोनाच्या लेकरायचं असं झालं असन त तुमी काय केलं थे सांगा. लय उपकार होतीन.’

शीर्षकाच्या जागी त्यानं फक्त ‘सांगा’ असं लिहिलं.

पहिलं उत्तर आलं तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला. ‘नमस्कार. आपले स्वागत. कृपया प्रमाण भाषेत लिहावे, म्हणजे सर्वांना समजेल.’ दुसरं होतं, ‘वा! अस्सल वऱ्हाडी ठसका! मजा आली,’ आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे तीन चेहरे. तिसऱ्या माणसानं बजावलं होतं की शीर्षक मोघम नसावं. चौथ्यानं तिसऱ्याला अनुमोदन दिलं होतं. मग ते दोघं शीर्षक कसं असावं यावर थोडा वेळ बोलले. पोरीबद्दल कुणीही, काहीही लिहिलं नाही.

त्याच दिवसांत तिथे एक धागा फार गाजत होता. विषय होता: ‘मोबाईलवर बोलण्याचे शिष्टाचार’. समोरच्यानं उचलला नाही तर पुन्हा लावावा का? लावला तर किती वेळानं? शेकड्यानं उत्तरं पडत होती. प्रत्येक उत्तर आलं की तो धागा वर यायचा आणि विलासचा एक पायरी खाली जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला स्वतःचा प्रश्न शोधावा लागला. तो सापडला तेव्हा त्याच्याखाली तीच चार उत्तरं होती.

त्याला वाटलं, आपण चुकीच्या दारात उभे राहिलो. म्हणून त्यानं तेच सारं आरोग्याच्या दालनात लिहिलं. तिथे कुणी आलं नाही, तेव्हा पालकांच्या दालनात. तिथेही नाही, तेव्हा शेतीच्या, कारण मिरचीबद्दल त्यानं तिथे एकदोनदा लिहिलं होतं आणि लोक बरे बोलले होते. शेतीच्या दालनात मात्र एक उत्तर लगेच आलं. ‘संततीची चिंता? वाणीदोष? हमखास उपाय, घरबसल्या. लगेच फोन करा.’ खाली नंबर.

विलास नंबर लावायला लागला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. म्हटलं, हा चोर आहे भाऊजी, हे असे लोक सगळीकडे हेच चिकटवत फिरतात.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “चोर असन. पन वैनी, मी काय इचारून राह्यलो, थे याले तरी समजलं.”

हे वाक्य मी अजून पचवू शकलेले नाही. एवढी शिकलेली, सुसंस्कृत माणसं तिथे होती, आणि त्या माणसाचा प्रश्न शेवटपर्यंत वाचला तो एका भोंदूनं, किंवा भोंदूनं लावून दिलेल्या यंत्रानं.

त्या संध्याकाळी विलासचे सगळे धागे उडाले. त्या जाहिरातीसकट. एकाच झाडूनं. त्याला निरोप आला: ‘एकच मजकूर वारंवार प्रकाशित करणे हा स्पॅम समजला जातो. पुन्हा असे झाल्यास सदस्यत्व रद्द करण्यात येईल. कृपया शिष्टाचाराचे नियम वाचावेत.’ आणि मलाही शांतरसचा वेगळा, खासगी निरोप आला. ‘रानतुळसताई, सदर सदस्य आपल्या परिचयातील दिसतात. आपण सुजाण आहात. त्यांना समजावून सांगावे ही नम्र विनंती.’

रेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाचता येत होतं, तिनं वाचलं. “जाऊबाई, स्पॅम म्हनजे काय व?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “कचरा.”

 तिनं गौरीला उचललं आणि आत नेलं.

आपल्याला राग आलाय हे मला कळण्याआधी माझी बोटं चालायला लागली होती. मी शांतरसला उत्तर दिलं नाही. सगळ्यांना दिसेल असा नवा धागा उघडला आणि विलासचं सारं लिखाण त्याच्याच भाषेत, एक काना न बदलता, वर ठेवलं. खाली लिहिलं: ‘तुमच्या दारात एखादा माणूस येऊन म्हणाला, माझी पोर ऐकत नाही, काय करू? तुम्ही त्याला म्हणालात, आधी नीट बोल. तो शेजारच्या दारात गेला. तिथं कुणी आलं नाही म्हणून पुढच्या. तर तुम्ही त्याला गल्लीतून हाकललंत, कारण त्यानं एकच हाक दोनदा मारली. बुडणारा माणूस दर वेळी नवं वाक्य शोधतो का? समोरच्यानं फोन उचलला नाही तर पुन्हा लावावा का, यावर तुम्ही आठवडा घालवलात. ह्यानं पुन्हा लावला, तर तुम्ही त्याला कचरा म्हणालात. तुमची सभ्यता तुमच्या घराच्या पडद्यासारखी आहे. बाहेरचं दिसू नये एवढ्यासाठीच ती लावलेली आहे.’

आणखीही लिहिलं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला त्याची लाज वाटत नाही.

उत्तरं धो धो आली. पोरीबद्दल एक अक्षर न लिहिता विलासचे धागे खाली बुडू देणारी माणसं माझ्या स्वराबद्दल बोलायला रांगेनं आली. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ ‘मुद्दा योग्य, पण भाषा?’ ‘इतका कडवटपणा का?’ माझ्या नितळ भाषेचं कौतुक करणाऱ्या बाईंनी लिहिलं, ‘शेवटी मातीचा गुण.’ मी एकेक वाचत खाली जात होते. विलास माझ्या खांद्यामागून वाचत होता. आणि त्या गर्दीत मधेच एक उत्तर होतं. नाव ओळखीचं नव्हतं. बहुधा त्याआधी तिनं तिथे एक अक्षरही लिहिलं नसावं.

‘मी इथं फक्त वाचते. माझ्या मुलाच्या वेळी आम्हीपण मागून ताटं आपटली होती. तो वळायचा. आम्ही दोन वर्षं खुशीत राहिलो. दादा, ऐकू न येणाऱ्या लेकराला जमिनीची थरथर कळते, सावली कळते, वारा कळतो. म्हणून घरची परीक्षा खरी नाही. मोठ्या दवाखान्यात कानाची तपासणी होते, पोर झोपलेलं असताना यंत्र लावून करतात. वय लहान आहे म्हणून कुणी परत पाठवलं तर परत येऊ नका. उद्याच जा. उशीर केला तर बोलणं शिकायचं वय जातं. आमचं गेलं.’

विलासनं ते दोनदा वाचलं. मग तो फरशीकडे पाहू लागला. ज्या फरशीवर ताट आपटलं होतं, तिच्यावर त्यानं टाच मारून पाहिली. मग हाताचा तळवा टेकवून दुसऱ्यांदा मारली. उठून आत गेला. रेखाला म्हणाला, “सकाळच्या गाडीनं अकोल्याले जाऊन राह्यलो. पोरीचे कपडे भर.”

मी त्या बाईला उत्तर लिहायला घेतलं. तुमचं नाव काय, गाव कोणतं, तुमचे फार उपकार झाले, असं काहीबाही. लिहून पाठवलं तर पडदा पांढरा झाला. हा धागा आढळला नाही. माझ्या नावानं आत जाऊ लागले तर तेही होईना. त्यांनी माझं लिहिणं काढलं होतं, त्यावरचे सगळ्यांचे स्वर काढले होते, आणि त्याच्याबरोबर, सगळ्या गोंधळातलं एकुलतं एक कामाचं उत्तरही काढून टाकलं होतं. अंगण परत स्वच्छ झालं होतं. ती बाई कोण होती ते मला आजतागायत कळलेलं नाही. कधी कधी वाटतं, तिनं आयुष्यात एकदाच लिहिण्याचं धाडस केलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर तिथे काही नव्हतं. तिला वाटलं असेल की आपलंच काही चुकलं.

अकोल्याच्या दवाखान्यात मी सोबत गेले होते. गौरीला औषध देऊन झोपवलं, कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. विलास दाराबाहेर उकिडवा बसला होता. पायांवर अजून शेतातली माती होती. तपासणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी सगळं समोर बसवून सांगितलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, पण अगदीच नाही असं नाही. यंत्र लावलं आणि रोज शिकवलं तर ही मुलगी बोलेल.

“आत्ता आणलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या.

विलासनं विचारलं, “मॅडम, मले पयल्यांदा वाटलं थ्याच दिवशी आनलं असतं त?”

“तर आणखी बरं झालं असतं.”

त्या साधं खरं तेच बोलल्या. पण विलासनं ते गिळलं तसं कुणी विष गिळत नाही. परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, “लोकायच्या भरवशावर बसलो.” मी खिडकीबाहेर बघत होते. अकोला सुटल्यावर दोन्ही बाजूंना हरभरा होता, आणि तो आंबट वास काचेच्या फटीतून आत येत होता.

यंत्र बसलं त्या दिवशी गौरी रडली. बसस्टँडवर गाडी सुरू झाली आणि तिनं रेखाच्या पोटात डोकं खुपसलं. इतके दिवस थरथरणारी ती गाडी आता ओरडत होती. घरी आल्यावर रेखा पीठ मळायला बसली. गौरी तिच्या हातांकडे बघत होती. अचानक तिनं आईचं मनगट धरलं आणि हलवलं. बांगड्या वाजल्या. तिनं हात सोडला. आवाज थांबला. पुन्हा धरला, पुन्हा हलवला. रेखाच्या हाताला पीठ, डोळ्यांतून पाणी, आणि पोरगी मनगट सोडेना. त्या दिवशी आमच्याकडे भाकरी फार उशिरा झाल्या.

बोलणं मात्र असं एका दिवसात येत नाही. रेखानं वर्षानुवर्षं तिला एकेक शब्द भरवला. पाणी दाखवून पाणी, चूल दाखवून चूल. पहिला शब्द ‘दे’ आला. नंतर ‘नाही’ आला, आणि तो तिला फार आवडला. आज ती पाचवीत आहे. कानांमागे दोन यंत्रं, दोन वेण्या, आणि तोंडाचा पट्टा चालू. शब्दांच्या कडा थोड्या बोथट आहेत, ‘स’ कधी कधी घसरतो. आवाज मोठा आहे. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे तिला नीट कळत नाही. आमच्या घरात कुणी तिला ते सांगितलेलंही नाही.

मी त्या संकेतस्थळावर परत गेले नाही. पण गेल्या थंडीत तिथल्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. आमची मंडळी लोणारचं सरोवर बघायला येताहेत, वाटेत साखरखेर्डा लागतं, ते तुझं माहेर ना? तुझ्या भावाच्या शेतात तासभर थांबू, जाळावर भाजलेला हुळा खाऊ. मग जरा थांबून म्हणाली, “शांतरस पण आहेत. झालं ते झालं गं. भेट तरी.”

मी ‘या’ म्हटलं. प्रेमानं नाही. मला त्या माणसाचं तोंड पाहायचं होतं.

माहेरी मला विलासच घेऊन गेला, त्याच्या भाजीच्या गाडीतून. गौरी मधे बसली होती. वाटेत एक रोही, नीलगाईतला नर, रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, घोड्याएवढा, आणि हॉर्न वाजवला तरी हलेना. गौरीनं खिडकीतून डोकं काढून त्याला दरडावलं, तेव्हा तो गेला. तिला त्या गोष्टीचा इतका आनंद झाला की साखरखेर्डा येईपर्यंत तिनं ती आम्हालाच चार वेळा सांगितली.

मंडळी आली. टोप्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. शांतरस निघाला सत्तरीच्या आतबाहेरचा, सडपातळ, पांढऱ्या केसांचा माणूस. त्यानं सतरंजीवर पाय ठेवण्याआधी बूट काढले. घाटा तोडण्याआधी माझ्या भावाला विचारलं, “तोडला तर चालेल ना?” माझ्या वहिनीनं पाणी दिलं तेव्हा उठून दोन्ही हातांनी घेतलं. मी त्याच्यात काहीतरी ओंगळ शोधत होते आणि ते मिळत नव्हतं. माणूस उर्मट असता तर मला फार सोपं गेलं असतं.

जाळावर हरभऱ्याचं टहाळ टाकलं होतं, तडतडत होतं. राखेतून काळे घाटे वेचून सगळे खात होते. ओठ काळे, बोटं काळी. मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, “मी रानतुळस. तुम्ही माझं सदस्यत्व काढलं होतं.”

“अरेरे,” तो म्हणाला. “कधी? कशावरून?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मुलीचा प्रश्न, चार दालनं, जाहिरात, माझा धागा, ते एक उत्तर. तो मन लावून ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “क्षमा करा, पण मला खरंच काही आठवत नाही. रोज इतकं काढावं लागायचं. नाहीतर जागा राहिली नसती हो.”

वर्षानुवर्षं मी या माणसाशी मनातल्या मनात भांडले होते. भाकरी थापताना, काज करताना, आंघोळ करताना. त्याला आठवतही नव्हतं.

विलास शेजारी उभा होता, हातात घाट्यांची मूठ. त्यानं विचारलं, “साहेब, मी कचरा काऊन वाटलो?”

“नाही, नाही, तुम्ही नाही,” शांतरस गडबडला. “मजकूर. तोच मजकूर चार ठिकाणी होता. नियम सगळ्यांना सारखे ठेवावे लागतात. आणि कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी मनापासून…”

“भावना नाही,” मी म्हणाले. “पोरीचे दिवस.”

मैत्रीण मधे पडली. “इतकी वर्षं झाली गं. मनात ठेवू नकोस.”

“ठेवीन,” मी म्हटलं.

 जाळ तडतडत होता. तेवढ्यात गौरी पळत आली, तोंडाला काळं लागलेलं, आणि तिला नवे श्रोते दिसले. ती शांतरसच्या पुढ्यातच बसली आणि सुरू झाली. “काका, आमी येऊन राह्यलो होतो ना, त एक रोही आला! एवढा! बाबानं हॉर्न देल्ला त थो हाललाच नाही, मंग म्या…” तिचा आवाज त्या मोकळ्या रानात खणखणीत घुमत होता. एकदोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका बाईंनी हसत कानाजवळ हात नेला.

शांतरसनं पुढे वाकून, फार प्रेमळ स्वरात म्हटलं, “बाळा, जरा हळू बोल. आम्ही सगळे जवळच आहोत ना?”

विलासच्या हातातले घाटे खाली पडले. रस्त्यानं कुणी आलं की बाजूला होणारा हा माणूस पुढे आला आणि पोरीच्या नि त्याच्या मधे उभा राहिला.

“तिले हळू बोल म्हनाचं नाही.”

“अहो, मी आपलं सहज. चांगली सवय लागावी म्हणून…”

“म्हनाचं नाही म्हनलं ना.”

असा आवाज मी विलासच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शांतरस हातातली पाण्याची बाटली उघडत राहिला, ती आधीच उघडी होती. गौरीला ते बोलणं नीट कळलं नव्हतं. तिनं बापाच्या शर्टाचं टोक ओढलं. “बाबा, काय म्हनून राह्यले थे काका?”

विलास तिच्यासमोर उकिडवा बसला. तिला त्याचे ओठ दिसावेत म्हणून टोपी काढली. “काही नाही,” तो म्हणाला. “तू सांग. पयल्यापासून सांग. मोठ्यानं.”

आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. शेताच्या त्या टोकाला हरभरा उपटणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या आणि तिथूनच विचारू लागल्या, “मंग व बाई? मंग काय झालं?”